धुरातून अलगद उतरणारी गिझेला

गिझेला वालिगुरा पहिल्यांदा आकाशात गेली ती रागाच्या भरात.

तोवर तिचा आणि आकाशाचा संबंध अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांपुरता. आज पाऊस येईल की नाही, एवढंच बघायला ती मान वर करायची. बेस्किडच्या डोंगरांत, सोवा नदीच्या काठी याव्होर्नित्सा नावाच्या गावात ती वाढली. आई ती लहान असतानाच गेली. वडील दूर कोळशाच्या खाणीत, सुट्टीपुरते घरी यायचे. मग थोरल्या बहिणीनं, ओतिलियानंच तिला न्हाऊ-माखू घातलं, वेण्या घातल्या, शाळेत धाडलं आणि वेळ पडली तेव्हा चार रट्टेही दिले. पुढे गिझेला ब्येल्स्को शहरातल्या कापड गिरणीत शिलाईला लागली. हात असा की गिरणीतल्या बायका स्वतःच्या लेकींचे लग्नाचे झगे तिच्याकडून शिवून घ्यायच्या.

मग गिरणी बंद पडली. चाळिशीच्या उंबरठ्यावर बाई घरी बसली. कुणीतरी सांगितलं, शहराबाहेरच्या एका गोदामात गरम हवेचे बलून शिवतात, तिथं चांगल्या हाताच्या बायका हव्या आहेत. ती गेली. पहिलं बलून शिवून तयार झालं त्या दिवशी मालक म्हणाला, "शिवणाऱ्यांपैकी एकीनं माझ्याबरोबर वर यायचं. तुमच्या शिवणीवर तुमचा तरी भरवसा आहे का, ते कळू दे."

बायका एकमेकींच्या पाठीमागे सरकल्या. गिझेला मात्र पुढे झाली. तिच्या शिवणीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. "चला," ती म्हणाली, "आणि उसवलं तर पगार कापा."

वर जाताना ती मान वर करून नुसत्या शिवणी तपासत होती. मग मालकानं डोक्यावरचा गॅसचा बर्नर बंद केला. एकदम सामसूम झाली आणि तिनं पहिल्यांदा खाली पाहिलं. नदी, नदीवरचा पूल, पुलावरून चाललेली कुणाची तरी गाय. ती उतरली तेव्हा बाकीच्या बायकांनी विचारलं, "काय गं, शिवण कशी आहे?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की खाली पाहिल्यापासून ती शिवण बघायचं विसरूनच गेली होती.

ओतिलियाला हे कळलं तेव्हा ती सूप ढवळत होती. पळी भांड्यावर आपटून ती म्हणाली, "जमिनीवर काय कमी पडलं तुला?"

"काही नाही गं."

"मग?"

"वर फार शांत असतं."

"शांतता हवी तर चर्चमध्ये जा. तिथनं पडलीस तरी गुडघाच फुटेल."

पण गिझेलाच्या डोक्यात आकाश बसलं ते बसलंच. तिनं बलून चालवण्याचा परवाना काढला. एका दह्याच्या कंपनीचं बलून उडवलं, एका रंगवाल्याचं उडवलं. नवऱ्या मुलींना घेऊन वर गेली. त्यातल्या एकीनं वर गेल्यावर लग्नालाच नकार दिला, तेव्हा खाली बँडवाल्यांना काय सांगायचं हेही गिझेलालाच ठरवावं लागलं. लग्न तिनं स्वतः केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "पहाटे उठून वारा बघणारी बायको कुणाला पाहिजे?" बलून जिथं उतरेल तिथं गाडी घेऊन जायला तिला एक माणूस लागे. ते काम फेलेक नावाच्या पोस्टमननं धरलं आणि निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही. खोऱ्यातला एकेक बांध आणि एकेक कुत्रा त्याच्या ओळखीचा होता.

गिझेलानं साठी ओलांडली, आणि त्याच सुमारास क्राकोच्या विद्यापीठातून डॉक्टर क्सावेरी तिच्याकडे आला. डॉक्टर म्हणजे औषधाचा नव्हे, हवेचा. उंच, किडकिडीत, गळ्याला मफलर. त्याचं बालपण याच खोऱ्यात, खालच्या गावात गेलेलं. दम्यामुळे त्याचे कितीतरी हिवाळे खिडकीच्या काचेला नाक लावून, बाहेर घसरगुंडी खेळणारी पोरं बघण्यात गेले होते. या खोऱ्यात हिवाळ्यात थंडी तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. घराघरांच्या धुराड्यांतून निघालेला कोळशाचा, ओल्या लाकडाचा, आणि कबूल कुणी करत नाही पण प्लास्टिकचाही धूर त्या झाकणाखाली अडकतो. तो किती जाड आहे, कुठे दाट आणि कुठे विरळ, कशाकशाचा आहे, हे क्सावेरीला वरून खालपर्यंत मोजायचं होतं. विमानानं प्रयत्न करून झाला होता. पण विमान एवढं जोरात जाई की यंत्रानं श्वास घेईपर्यंत झाकण मागे पडलेलं असे.

"बलून त्या धुराच्या वर नेता येईल का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"वर काय, कुणीही नेईल. गॅस जाळला की जातं ते."

"तिथंच तर घोडं अडतंय, गिझेलाबाई. तुमचा गॅस जळला की माझी काजळी मोजायची पेटी तुमचाच धूर मोजत बसणार. मला मोजायचंय ते खाली येताना. येताना बर्नर बंद ठेवाल?"

"कुठपर्यंत?"

"जमिनीपर्यंत."

गिझेलानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "डॉक्टर, तुम्हाला बायको आहे?"

"आहे."

"तिला विचारलंत?"

तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला थांबेपर्यंत गिझेलानं मनाशी होकार दिलेला होता.

त्या हिवाळ्यात दोघांची जोडी जमली. उजाडताना ती वर जात, डोंगरांच्या माथ्यांवर ऊन पडलेलं असे. टोपलीखाली लांब दोरीला क्सावेरीची पेटी लोंबत असे. हवा ओढून घ्यायची आणि तिच्यातली काजळी मोजायची, एवढंच त्या पेटीचं काम. मग गिझेला बर्नर बंद करी आणि बलून आपल्याच वजनानं खाली येऊ लागे. झाकणापाशी आलं की वरची उबदार हवा संपे आणि खालच्या थंड, जड हवेत बलूनला आपसूक आधार मिळे. पाण्यात शिरणाऱ्या बदकासारखं ते थबके, हेलकावे खाई आणि मग सावकाश धुरात बुडे. किती उंचीवर बर्नर बंद करायचा, याचा अंदाज गिझेलाला दोनतीन वेळा चुकल्यावर आला. पहिल्यांदा बलून एका तबेल्याच्या छपराला घासून गेलं. दुसऱ्यांदा क्सावेरीची पेटी शेणाच्या ढिगात रुतली, आणि त्या दिवशीचे आकडे बघून क्राकोतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला फोन करून विचारलं, "तिकडे नेमकं काय जळतंय?"

धुरातून उतरताना काही दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. बादलीची कडी, रेडिओवरची प्रार्थना, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी. आणि वास. गिझेला नाक वर करून म्हणे, "हे जुनं कपाट जाळतायत." क्सावेरी पेटीकडून येणारे आकडे बघून म्हणे, "छे, साधा कोळसा आहे." निम्म्या वेळा ती चुकायची आणि त्याला फार आनंद व्हायचा.

दोघी बहिणींचं फाटलं ते गावच्या सभेत. पुढच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला अग्निशमन दलाच्या सभागृहात क्सावेरीनं लोकांना बोलावलं आणि भिंतीवर खोऱ्याचा नकाशा दाखवला. कुणाचं नाव नाही, घर नाही. नुसता धुराचा रंग, कुठे फिकट, कुठे गडद. सगळ्यांत गडद ठिपका याव्होर्नित्साच्या वरच्या अंगाला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर ओतिलियाची गल्ली!" आणि सगळे हसले.

ओतिलिया उठली. कोटाची बटणं एकेक करून लावली. मग गिझेलाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिचं नाक मी पुसलंय. तेच नाक आता माझ्या धुराड्याला लावत फिरतेय." आणि निघून गेली.

गिझेला मागोमाग धावली, पण दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी गेली तरी बंदच. ओतिलिया दुकानात दिसली की रस्ता ओलांडायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दोघी बहिणी दरवर्षी चर्चमधून आणलेली एकच पातळ पोळी मोडून एकमेकींना भरवायच्या, मग जेवायला बसायच्या. त्या वर्षी फेलेक दारात उभा राहिला, हातात कागदात गुंडाळलेली अर्धी पोळी. "तिनं पाठवलीय," तो म्हणाला, "आणि सांगितलंय, मी पाठवली असं सांगू नको." गिझेलानं ती एकटीनं खाल्ली. पोळीला चव नसतेच म्हणा. त्या दिवशी तिला फक्त मिठाची लागली.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. अशाच एका सकाळी दोघं वर गेली, बर्नर बंद झाला, बलून धुरात उतरलं. वारा म्हणावा तर नव्हता, पण बलून हळूहळू याव्होर्नित्साच्या वरच्या अंगाला सरकत होतं. क्सावेरी खूश होता, त्याला नेमकी तीच जागा हवी होती. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे आता बर्नरला हात लावू नका. करड्या धुराखेरीज काही दिसत नव्हतं. आणि मग थेट पायांखालून आवाज आला. शेजारीण ब्रिगिदाचा.

"तुझी बहीण आज वर गेलीय का गं?"

"गेलीय," हा ओतिलियाचा आवाज. "मघाशी फेलेकची गाडी गेली ना इथनं. म्हणजे गेलीच."

"तू तर बोलत नाहीस तिच्याशी."

"बोलत नाही म्हणून काय झालं? ती खाली उतरल्याचं कळेपर्यंत घास जात नाही माझ्या घशाखाली. इतकी वर्षं झाली, एक दिवस गेला नाही."

"मग सांग की तिला तसं."

"काय सांगू? भीती वाटते म्हणून? मग थांबेल ना ती उडायची! माझ्यासाठी काहीही सोडेल, वेडी आहे ती." कोळशावर फावडं खरवडल्याचा आवाज आला. "आणि सोडून करेल काय? अख्ख्या खोऱ्यात आकाशातून फिरणारी बहीण कुणाची आहे? माझी एकटीची. तुझी तर बसमध्येसुद्धा ओकते."

गिझेलानं टोपलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. डोळ्यांतलं पाणी गालावर येऊन गार पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. क्सावेरीनं तिच्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा दुसरीकडे बघू लागला. तेवढ्यात खालच्या धुरातून काळ्या फांद्या वर आल्या. ओतिलियाच्या परसातलं आलुबुखाराचं झाड. गिझेला थांबली, आणखी थोडी थांबली, डॉक्टरचे आकडे तरी पुरे होऊ देत म्हणून. मग मात्र तिचा हात बर्नरकडे गेला.

"माफ करा, डॉक्टर."

डोक्यावर आगीचा लोळ गरजला. खालून "येशू-मारिया!" अशी किंकाळी आली, बादली गडगडली, सगळ्या गल्लीतली कुत्री एकदम भुंकायला लागली. बलून कोठाराच्या छपरावरून टुणकन उडी मारून ब्रिगिदाच्या बटाट्याच्या शेतात जाऊन टेकलं.

ओतिलिया धापा टाकत आली. रात्रीच्या झग्यावर कोट, हातात कोळशाचं फावडं. तिनं आधी बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातपाय जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं. मग विचारलं, "किती ऐकलंस?"

"बसमध्ये ओकेपर्यंत."

ओतिलियाचा चेहरा लाल झाला. "चोरून ऐकायला लाज नाही वाटत?"

"मी कुठे चोरून ऐकलं? मी आपली वरून येत होते."

"वरून येत होती म्हणे! माणसं दारातून येतात!" असं म्हणून तिनं फावडं बर्फात खोचलं आणि धाकटीला मिठीत असं आवळलं की तिची टोपी खाली पडली. दोघींपैकी कोण आधी रडलं यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालू होता.

मागोमाग फेलेकही गाडी घेऊन पोचला. सगळ्यांना तिनं घरात नेलं. आंबवलेल्या कोबीचं सूप, वर बरगडीचे तुकडे, बाजूला धुरावलेलं मेंढीचं चीज. "खा, डॉक्टर, हाडं मोजता येतायत तुमची." क्सावेरी मनापासून खाऊ लागला. ओतिलियानं पाहुण्याला आणखी ऊब मिळावी म्हणून घर तापवायच्या भट्टीचं दार उघडलं आणि जुन्या रंगीत कपाटाची एक फळी आत सारली. दोन घोट, तीन घोट, आणि क्सावेरीचा चमचा थांबला. छातीतून शिट्टी वाजायला लागली. त्यानं खिशातला फवारा तोंडात मारला, उठला, "माफ करा" म्हणायचा प्रयत्न केला आणि भिंतीला धरून बाहेर गेला. बाहेर तरी कुठे चांगली हवा होती? शेवटी फेलेकनं त्याला गाडीत घातलं आणि डोंगरावर, धुराच्या वर, उन्हात नेऊन बसवलं.

स्वयंपाकघरात दोघी बहिणीच उरल्या. ओतिलिया अर्ध्या भरलेल्या ताटाकडे बघत होती.

"मीठ जास्त झालं का?"

"नाही गं. त्याला दमा आहे. लहानपणापासून."

"पण सभेत तर चांगला तासभर बोलला!"

"तिथं धूर नव्हता."

ओतिलियानं भट्टीचं दार बंद केलं, मग त्या ताटावर दुसरं ताट उपडं ठेवलं. "या घरातून जेवण टाकून कुणी उठलं नव्हतं," ती म्हणाली. "आई गेली त्या वर्षी घरात नुसते बटाटे होते, तरी कुणी उठलं नव्हतं."

आठवड्याभरानं ती स्वतःच फेलेकच्या गाडीत येऊन बसली. "मला वर ने," ती गिझेलाला म्हणाली, "पण बोलायला लावू नकोस." वर जाईपर्यंत तिनं डोळे मिटून जपमाळ ओढली. बर्नर बंद झाल्यावर डोळे उघडले. चहूकडे डोंगरांचे माथे उन्हात, स्वच्छ, आणि मधे खोरं भरून राखाडी-पिवळट काहीतरी पसरलेलं, सपाट, थोरल्या गादीसारखं.

"आपलं घर कुठंय?"

"त्याच्या खाली."

ओतिलियानं जपमाळ खिशात टाकली. "हे सगळं काही माझं एकटीचं नाही ना, गिझे?"

"नाही गं. सगळ्यांचं आहे."

"तुझ्यासुद्धा घराचं?"

"माझ्यासुद्धा. घरात गॅस लावायच्या आधी वर्षानुवर्षं मी तरी काय जाळत होते?"

"मग तसं सभेत का नाही म्हणालीस?" ओतिलिया म्हणाली. "तेवढं म्हणाली असतीस तर मी कोटाची बटणं लावली नसती."

गिझेलाला ते पटलं. खरंच, तेवढंच म्हणायला हवं होतं.

ओतिलियानं भट्टी लगेच काढली असं मात्र नव्हे. वसंतभर ती नगरपालिकेतल्या लोकांशी भांडली, उन्हाळाभर कारागिरांशी. भट्टीच्या हिरव्या फरशा वडिलांनी बसवल्या होत्या, हिवाळाभर ती त्यांना पाठ टेकून शेकायची. त्या तिनं एकेक करून स्वतः सोडवल्या, धुतल्या आणि कोठारात रचून ठेवल्या. घर तापवणारा नवा गॅसचा बंब भिंतीवर बसला. "ऊब आहे," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पण पाठ कुठे टेकायची?" शेवटी गिझेलानं तिला बंबाखाली ठेवायला एक बाक आणून दिलं. त्यावर तिच्याआधी मांजरानं हक्क सांगितला.

त्या वर्षीच्या पहिल्या कडक थंडीत, सकाळी सकाळी ओतिलियाच्या दारावर थाप पडली. ब्रिगिदा उभी, हातात झाकलेलं भांडं, चेहरा पांढरा फटक. त्या गावात कुणाच्या धुराड्यातून सकाळी धूर दिसला नाही तर शेजारणीनं सूप घेऊन बघायला जायचं, माणूस आजारी आहे की गेलंय, अशी रीत होती. ओतिलियाला धडधाकट समोर बघून ब्रिगिदाच्या भीतीचा राग झाला. "धुराडं बंद केलंस तर निदान सांगायचं तरी!" दोघींनी मिळून ते सूप संपवलं. पुढच्याच हिवाळ्यात ब्रिगिदाचीही भट्टी गेली. त्यानंतर त्या दोघींनी सकाळी खिडकीचा पडदा सरकवायची खूण ठरवली.

सगळं गाव बदललं असं नाही. काहींनी बंब लावले, काहींनी क्सावेरीला आणि त्याच्या पेटीला शिव्या घातल्या. वरच्या गल्लीवरचा ठिपका फिकट झालाय का, असं गिझेलानं विचारलं की क्सावेरी म्हणायचा, "वाटतंय तसं. पण अजून काही हिवाळे मोजू द्या, मग सांगतो." ओतिलियाला हे उत्तर मुळीच पटायचं नाही. "माणूस शिकलेला, आणि एक ठिपका सांगता येत नाही!" असं म्हणत ती त्याच्या ताटात वाढतच राहायची, आणि तोही ताट पुसून खायचा.

आता गिझेलाचे गुडघे दुखतात. टोपलीत चढायला तिला खालून कुणीतरी लोटावं लागतं. ते काम ओतिलियानं आपल्याकडे घेतलंय. ती फेलेकच्या शेजारी बसून बलूनचा माग काढते, "डावीकडे घे, डावीकडे, आंधळा आहेस का?" म्हणून त्याला हैराण करते, आणि शेतात सगळ्यांच्या आधी पोचते.

बलून उतरलं की कापडात राहिलेली गरम हवा दाबून काढावी लागते. जाड अंगाच्या माणसानं त्यावर आडवं होऊन लोळायचं, हीच सोपी रीत. मागच्या हिवाळ्यातल्या एका सकाळी दोन्ही म्हाताऱ्या बहिणी त्या रंगीबेरंगी कापडावर अशाच आडव्या झाल्या होत्या. भोवती बर्फ, खाली कापडातून उबदार हवा सुस्कारत बाहेर पडत होती. हवा केव्हाच संपली, तरी कुणी उठेना. फेलेकनं दोनदा भोंगा वाजवला.

"वाजव, वाजव," ओतिलिया झोपल्या झोपल्या ओरडली. "अजून बरीच हवा आहे इथं!"